गाईच्या वाटणीचा घास

हरीण नियंत्रण समितीच्या सचिवांच्या घरामागे रोज सकाळी साडेसहा वाजता हरणे जेवायला येतात, ही गोष्ट खुद्द सचिवांना समितीच्या तिसऱ्या बैठकीनंतर कळली.

सचिव म्हणजे हेमचंद्र खांबेटे. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. शहरापासून तीस किलोमीटरवर, क्रोज नेस्टच्या रस्त्याला त्यांनी दहा एकर जमीन घेतली होती. पुस्तके शांतपणे वाचता यावीत, एवढाच त्या जमिनीचा उपयोग त्यांच्या मनात होता. सचिव होण्याची त्यांची इच्छा नव्हती. १९८४च्या जानेवारीत गावच्या हॉलमध्ये हरणांविषयी सभा भरली, तेव्हा कॅसिमिर तुस्कानो त्यांना ओढून घेऊन गेला. अध्यक्ष डग लिंडनर यांनी विचारले, "टाइप कुणाला करता येतं?" कॅसिमिरने शेजारी बसलेल्या खांबेट्यांचा हात धरून वर केला. हेमचंद्रांनी नम्र नकाराचे एक चांगले वाक्य मनात जुळवायला घेतले. ते पुरे होईपर्यंत लोक चहा पीत होते.

कॅसिमिर मूळचा वसईचा. हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा आणि उरलेला सगळा वेळ वाडीत असायचा. मेथी, वांगी, वाल, अळू, झेंडू, सगळे त्या डोंगरमाथ्यावरच्या थंडीत त्याने हट्टाने लावले होते. खांबेट्यांचे घर आणि त्याची वाडी यांच्यामध्ये फक्त मिसेस डोहर्टींचे मोकळे रान होते. रविवारी चर्चमधली मिस आटोपून तो यायचा, पायरीवर बसायचा, आणि दोघे तासभर मराठीत बोलायचे. खरे म्हणजे कॅसिमिर बोलायचा. पण तीस किलोमीटरांत हेमचंद्रांना बायकोखेरीज मराठी बोलणारे दुसरे कोणी नव्हते, आणि आठवड्यातला तो एक तास त्यांना फार मोलाचा वाटे. हे त्यांनी कॅसिमिरला कधी सांगितले नव्हते. सांगायचे कसे, हेच त्यांना कळत नसे.

त्या वर्षी हरणांनी कॅसिमिरची वाडी दोनदा खाल्ली. तांबड्या रंगाची, आपल्या सांबरांच्या नात्यातली ती हरणे. शंभर वर्षांपूर्वी कुणी साहेबाने हौसेने आणून सोडलेली. आता त्यांचे कळप झाले होते. ती कुंपणावरून उडी मारत, लसूणघास खात, झाडांच्या साली सोलत. कायद्याने त्यांना संरक्षण होते, काहीही करायचे तर परवाना लागे, आणि परवान्यासाठी हरणे किती आणि कुठे हे आधी दाखवावे लागे.

"तिसऱ्यांदा खाल्ली ना मास्तर, तर मी विकणार," कॅसिमिर म्हणाला. तो हेमचंद्रांना मास्तरच म्हणायचा. "भाऊ विन्सेंट दर आठवड्याला लिहितो. म्हणतो, वेरिबीला ये. तिथे भाजीच्याच वाड्या आहेत. हरीण औषधाला नाही."

"वेरिबी मेलबर्नकडे ना?" हेमचंद्रांनी विचारले.

"हो. का?"

"लांब आहे," हेमचंद्र म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषणच होते.

त्या दिवसापासून सचिवांनी समितीचे काम मनावर घेतले. प्रत्येक सभासदाला हरीण दिसले की त्याने तारीख, वेळ, संख्या आणि जाण्याची दिशा कळवायची. हेमचंद्र दर नोंदीचे एक कार्ड करत, ग्रंथालयात करतात तसे, आणि नकाशावर लाल टाचणी टोचत. तिसऱ्या बैठकीपर्यंत दोनशे सहा कार्डे झाली. बैठकीनंतरच्या रविवारी पहाटे जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून त्यांनी टाचण्यांना दोरे बांधले. सगळे दोरे एका ठिकाणी येऊन मिळाले. ते ठिकाण त्यांचे स्वतःचे परस होते.

आपले काहीतरी चुकले, हा हेमचंद्रांचा आयुष्यभराचा पहिला विचार असे. त्यांनी दोरे सोडले, उत्तर दिशा तपासली, पुन्हा बांधले. तीनदा तेच आले. तेवढ्यात मागच्या दारी स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ श्यामलाबाईंचा आवाज आला, "या गं. सावकाश. सगळ्यांना आहे."

हेमचंद्र दारापाशी गेले. साडीवर तांबडे स्वेटर चढवून श्यामलाबाई कुंपणाशी उभ्या होत्या. त्यांच्या हातातून एक हरिणी पोळीचा तुकडा घेत होती. तिच्यामागे आणखी होत्या.

"हे काय?" हेमचंद्रांनी विचारले.

"गाईचा घास."

"श्यामला, ही गाय नाही."

"मला डोळे आहेत. पण मिसेस डोहर्टी मुलीकडे ब्रिस्बेनला गेल्या आणि गाय विकून गेल्या. मग तिच्या वाटणीचा घास कुणाला घालायचा? सासूबाईंनी लग्नानंतर दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं, पहिली पोळी गाईची. ठाण्यात चुकलं नाही, इथे दहा वर्षांत चुकलं नाही. दोन दिवस पोळी कुंपणावर ठेवली. तिसऱ्या दिवशी ही आली."

"एकटी?"

"तेव्हा एकटी होती. मग तिने बहिणींना सांगितलं असेल. आज अकरा आहेत. मंगळवारी चौदा होत्या."

"चौदा पोळ्या?"

"छे हो. पोळी एकच, तिचे तुकडे. बाकी कोंडा."

"कोंडा कुठून येतो?"

श्यामलाबाईंनी नवऱ्याकडे काहीशा आश्चर्याने पाहिले. "तुम्हीच आणता की दर शुक्रवारी. वीस किलोचं पोतं."

हेमचंद्रांना पोते आठवले. यादीत लिहिलेले असे, ते आणत. कशाला हे विचारावे असे त्यांना कधी सुचले नव्हते.

"परवा एक नर फार ओरडत होता," श्यामलाबाई पुढे म्हणाल्या. "पोटात कळ आली असेल म्हणून कोंड्यात ओवा घातला."

हरणांनी ताटली चाटून पुसून स्वच्छ केली. मग ओळीने डोहर्टींच्या रानातून कॅसिमिरच्या वाडीकडे निघाली. जेवण खांबेट्यांकडे आणि कोशिंबीर तुस्कानोंकडे, असा तो क्रम होता.

हेमचंद्रांनी बायकोला सगळे समजावून सांगितले. श्यामलाबाईंनी ऐकून घेतले. कॅसिमिरभाऊंच्या मेथीवर आपल्या हातून संकट आले, या विचाराने त्यांना खरोखर वाईट वाटले. "उद्यापासून बंद," त्या म्हणाल्या, आणि शब्द पाळला.

सोमवारी साडेसहाला हरणे आली आणि थांबली. सात वाजले. साडेसातला त्यांतली तीन व्हरांड्यावर चढली आणि त्यांनी कुंडीतली तुळस खाल्ली. आठ वाजता सगळी उठून कॅसिमिरकडे गेली, आणि रोज जिथे कोशिंबीर खात तिथे त्या दिवशी पूर्ण जेवली. वांगी गेली, वाल गेला, झेंडूचे देठ तेवढे राहिले.

संध्याकाळी कॅसिमिर पायरीवर येऊन बसला. हॉस्पिटलचा पांढरा कोट अजून अंगातच होता.

"संपलं, मास्तर. घरी फ्रेडाला सांगून आलो. पुढच्या महिन्यात जमिनीवर पाटी लावतो."

"कॅसिमिर," हेमचंद्र म्हणाले.

"बोल."

हेमचंद्रांच्या मनात वाक्य तयार होते. पण त्यात क्रियापद कुठे घालावे हे ठरेना. ते म्हणाले, "चहा घेतोस?"

शनिवारी दुपारी समितीची चौथी बैठक होती. सचिवांनी अहवाल वाचायचा होता. आदल्या दिवशी हेमचंद्रांनी नकाशासमोर बसून दोरे मिळत होते तिथली टाचणी उपटली आणि सरकारी जंगलाच्या बाजूला दोन इंच सरकवली. तिथे कोणी राहत नव्हते. कोणाचे काही बिघडले नसते. त्यांनी ती टाचणी पाच मिनिटे पाहिली. नोकरीच्या सव्वीस वर्षांत त्यांनी एकही पुस्तक चुकीच्या कपाटात ठेवलेले नव्हते. टाचणी पुन्हा जागेवर गेली.

हॉलमध्ये तीस माणसे होती. डग लिंडनर हे सहा फुटी, उन्हाने भाजलेले शेतकरी. त्यांनी आधी वाईट बातमी सांगितली. सरकारने गोळी घालायला नकार दिला होता, कारण आसपास घरे होती. जिवंत पकडायला मात्र परवानगी होती. पलीकडच्या खोऱ्यात हरीणपालनाचे फार्म निघाले होते, ते माद्या न्यायला तयार होते.

"पण पकडणार कशी?" डग म्हणाले. "उंच जाळीचं आवार बांधू आपण. ते सोपं आहे. मात्र हरीण आत यायला पाहिजे ना! कुणीतरी त्यांना आठवडेच्या आठवडे एकाच वेळी, एकाच जागी, एकाच आवाजात खायला घालायला हवं. सहा महिने लागतात विश्वास बसायला. इतका रिकामा आणि इतका चिकट माणूस या जिल्ह्यात आहे कोण?"

हेमचंद्र उभे राहिले. सचिवांना अहवाल वाचायचा आहे असे लोकांना वाटले.

"माझी बायको," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळे सांगितले. पोळी, गाय, कोंडा, ओवा. इंग्रजीत सांगताना त्यातला प्रत्येक शब्द त्यांना वेडगळ वाटत होता. संख्या सांगताना मात्र त्यांचा आवाज स्थिर झाला. अकरा ते चौदा. सात महिने. रोज सकाळी साडेसहा.

तिसऱ्या रांगेत कॅसिमिर बसला होता. हेमचंद्रांनी त्याच्याकडे पाहायचे टाळले, आणि मग पाहिलेच.

"मास्तर," कॅसिमिर मराठीत म्हणाला, सगळ्या गोऱ्या माणसांच्या देखत, "इस्टरच्या आधी तुझ्या गाडीतून एक पोतं उतरवलं होतं. तुझी कंबर धरली होती म्हणून मी उचललं. तेच का ते?"

"तेच."

"दोनदा उचललं मी."

"तीनदा," हेमचंद्र म्हणाले. खोटे बोलणे आता शक्यच नव्हते.

कॅसिमिरने टोपी डोक्यावर घातली आणि तो बाहेर निघून गेला. दार त्याने आपटले नाही. आपटले असते तर बरे झाले असते, असे हेमचंद्रांना वाटले.

डग यांचा विचार वेगळाच चालला होता. "चौदा म्हणालात?" त्यांनी विचारले. "हातातून खातात? मेट, तुमच्या मिसेसना समितीवर घ्या."

तीन शनिवार-रविवार राबून लोकांनी खांबेट्यांच्या परसामागे दोन माणसांच्या उंचीचे आवार उभे केले. जाळी होती, तिला गोणपाट लावले होते, आणि एक सरकते दार होते, त्याचा दोर झाडामागे. श्यामलाबाईंनी पुन्हा घास घालायला सुरुवात केली. आधी दाराबाहेर, मग दारात, मग आत. हरणांनी फारशी तक्रार केली नाही. कॅसिमिर एकदाही आला नाही. तीन रविवार पायरी रिकामी राहिली.

"फार्मवर त्यांचं काय करतात?" श्यामलाबाईंनी एकदा डग यांना विचारले.

"पिल्लं वाढवतात, मिसेस कॅम्बेटी. माझ्यापेक्षा बरं खायला मिळतं त्यांना."

हेमचंद्रांनी हरीणपालनावरचे पुस्तक ग्रंथालयातून आणून पूर्ण वाचले होते. त्यातल्या शेवटच्या प्रकरणाविषयी ते घरात काही बोलले नाहीत. पुस्तक त्यांनी मुदतीआधीच परत केले. पण ते पिशवीत भरताना श्यामलाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या.

ठरलेल्या दिवशी सकाळी सहाला सगळी समिती गोणपाटामागे दबून बसली. फार्मचा ट्रक आठला येणार होता. स्वयंपाकघरात श्यामलाबाईंनी पोळी केली, तूप लावले, तुकडे केले आणि ताटली नवऱ्यापुढे ठेवली.

"मी नाही जाणार."

"अगं, सगळे बसलेत बाहेर."

"जेवायला बोलवायचं आणि मागून दार लावायचं, हे माझ्या हातून नाही होणार. काल निघताना मी त्यांना 'उद्या या' म्हटलं नाही. रोज म्हणते."

हेमचंद्रांनी जाऊन डग यांना सांगितले. डग विचारात पडले. "हरीण चेहरा ओळखत नाही," ते म्हणाले. "आकार ओळखतं. घरात तुमच्या मिसेसएवढं कोण आहे?"

घरात दुसरे कोणी नव्हतेच.

श्यामलाबाईंनी नवऱ्याला पँटवरून साडी नेसवली. तीच, रोजची, हिरवी. वरून तांबडे स्वेटर. पदर डोक्यावरून पुढे ओढला, कारण टक्कल चमकले असते. हेमचंद्र ताटली घेऊन अंगणात आले. गोणपाटामागून तीस माणसांनी आपल्या सचिवाकडे पाहिले. कोणीही हसले नाही, आणि तेच हेमचंद्रांना सर्वांत जास्त लागले. डग यांनी तर टोपी काढली.

हरणे वेळेवर आली. हेमचंद्रांनी चमचा वाजवला. "या," ते म्हणाले. "या गं. सावकाश." त्यांना आपला आवाज बायकोच्या आवाजासारखा वाटला नाही, पण भित्रा होता, आणि हरणांना बहुधा तेवढे पुरले. पहिली हरिणी आत आली. मग दुसरी. एकेक करत चौदाही आली. डग यांनी दोर ओढला आणि दार सरकून बंद झाले.

सचिवांनी बाहेर कसे यायचे, हा मुद्दा कोणत्याही बैठकीच्या विषयपत्रिकेवर नव्हता.

हरणे बिथरली. एक जाळीवर आदळली. "हलू नका, मेट!" डग गोणपाटामागून कुजबुजले. "दार उघडलं तर सगळी जातील. ट्रक येईपर्यंत शांत ठेवा त्यांना. बोलत राहा."

"काय बोलू?" हेमचंद्रांनी विचारले. चारचौघांत काय बोलावे हा प्रश्न त्यांना जन्मभर पडत आला होता. अशा वेळी त्यांना एकच गोष्ट तोंडपाठ होती. त्यांनी ताटली छातीशी धरली आणि मागील सभांचे इतिवृत्त मराठीत सांगायला सुरुवात केली. उपस्थित सभासद अमुक. मागील इतिवृत्त वाचून कायम केले. मिस्टर लिंडनर यांनी जाळीच्या उंचीचा मुद्दा मांडला. हरणे थांबली. कान टवकारून उभी राहिली. समितीनेही कधी त्यांचे इतिवृत्त इतक्या शांतपणे ऐकले नव्हते.

चौथ्या बैठकीपाशी आल्यावर मात्र हेमचंद्र अडखळले. "सचिवांनी," ते म्हणाले, "सचिवांनी एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी आधी आपल्या मित्राला सांगायला हवी होती. सोमवारीच, पायरीवर. पण त्यांनी चहा विचारला. मित्र वेरिबीला गेला तर रविवारी सचिव काय करतील, याची नोंद कुठल्याच कार्डावर नाही."

गोणपाटामागे कोणीतरी नाक शिंकरले. तिथल्या लोकांत मराठी समजणारा एकच असू शकत होता. तो आला आहे हे हेमचंद्रांना ठाऊक नव्हते.

"पुढे वाच, मास्तर," गोणपाट म्हणाले. "ट्रकला अजून तास आहे."

आठला ट्रक आला. फळीवरून हरणे चढवताना अर्धा तास गेला. सर्वांत आधी पोळी खायला आलेली हरिणी शेवटी चढली. फळीच्या टोकाशी थांबून तिने घराकडे पाहिले. स्वयंपाकघराची खिडकी लावलेली होती.

जूनमध्ये कॅसिमिरने पुन्हा मेथी पेरली. पाटी लावली नाही. श्यामलाबाई मात्र गप्प झाल्या. पहिली पोळी काढून ठेवत आणि दुपारी ती तशीच वाळलेली असे. तीन आठवडे हे पाहून एका रविवारी कॅसिमिर डग यांच्याकडून दोर धरून चालत आला. दोराला एक म्हातारी जर्सी गाय होती.

"वहिनी, ही घ्या. दूध द्यायची नाही. खायचं काम मात्र चोख करते, डगनी गॅरंटी दिलीय. पण एक वचन द्या. घास हिलाच. दुसऱ्या कुणाला नाही."

श्यामलाबाईंनी गाईच्या कपाळाला हात लावला. मग आत जाऊन पोळी आणली. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज मागच्या दारी ऐकू आला.

पुढच्या रविवारी कॅसिमिर मिसहून आला तो पायरीवर बसला नाही. उभाच राहिला. त्याच्या बुटांना ओली माती होती.

"कुंपण मोडलंन," तो म्हणाला. "मेथी सगळी. कोथिंबीरसुद्धा. आता अळवात उभी आहे."

हेमचंद्र उठले. नकाशा अजून भिंतीवर होता. त्यांचा हात सवयीने कोऱ्या कार्डाकडे गेला. त्यांनी वर 'गाय' लिहिले, खाली 'हेही पाहा : हरीण' लिहिले, आणि मित्राकडे पाहिले. या वेळी वाक्य जुळवायला त्यांनी वेळ घेतला नाही.

"कॅसिमिर, जाऊ नकोस."

"कुठे जातोय?" कॅसिमिर वैतागून म्हणाला. "गाय मीच आणून दिली. आता कुठल्या तोंडाने तक्रार करू?" तो पायरीवर बसला आणि बुटांची माती खरवडू लागला. "फक्त विन्सेंटला कळवू नकोस, मास्तर. आणि वहिनींना सांग, चहा होईपर्यंत राहू दे तिला अळवात. उपाशी असेल."